बोरूची रेषा, क्रिटातला रंग: मंडईच्या सोळा पानांच्या नोंदी

काम: पुण्याच्या महात्मा फुले मंडईवर ए-फाइव्ह आकाराची सोळा पानी चित्रपुस्तिका. रेषा कागदावर हाताने, बोरूने (पोकळ काडी कापून केलेली लेखणी), रंग संगणकावर क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, छपाई डिजिटल प्रेसवर, प्रती ५०. अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. अट एवढीच की सोळाही पानं एका हाताची वाटली पाहिजेत, आणि तो हात दुसऱ्या कुणाची आठवण करून देता कामा नये. चुकलेलं गाळलेलं नाही, कारण वेळ त्यातच गेला.

१० ते १३ जून: मंडईत रेखाटनं

चार दिवस, सकाळी साडेसात ते साडेनऊ. पहिल्या दिवशी ए-थ्री बोर्ड नेला, तो अर्ध्या तासात आवरावा लागला. दोन ओट्यांमधल्या वाटेत बोर्ड आडवा आला की डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला वळता येत नाही, आणि तो थांबतही नाही. दुसऱ्या दिवसापासून तळहाताएवढी वही आणि बॉलपेन. पेन्सिल नेऊ नये. खोडायची सोय असली की आपण कोपरापाशी घुटमळत बसतो, तोवर जुडी बांधून झालेली असते.

एकूण ६४ रेखाटनं, त्यातली कामाची १९. फोटो फक्त तपशिलासाठी काढले: जुडी कशाने बांधलीय, काट्याची थाळी कुठल्या बाजूला आहे, पाटीखालची चुंबळ कशी वळलीय. माणसं फोटोवरून काढून बघितली आणि सोडून दिली. उभं राहून फोटो काढला की ओट्याखाली बसलेली माणसं वरून दाबल्यासारखी येतात, आणि तो दाब रेषेतही उतरतो.

इमारतीने मात्र दीड सकाळ खाल्ली. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली ही दगडी वास्तू, मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली कमानी. कमानी मोजत बसलं की चित्र नकाशा व्हायला लागतं. ठरलं ते असं: इमारत फक्त तीन पानांवर, तीही सपाट आकार म्हणून, बाकी सगळा भर ओट्यांवर.

१५ जून: हत्यारांची परीक्षा

विषय एकच, मेथीची जुडी. हत्यारं नऊ: क्रोक्विल निब, जी-निब, ०.३चं टेक्निकल पेन, ब्रश पेन, चार नंबरचा गोल ब्रश, बांबूची काडी, बोरू, चारकोल आणि टॅब्लेट (संगणकाला जोडून चित्र काढायची पाटी). प्रत्येकाने चार वेळा, म्हणजे ३६ जुड्या. मागे हत्याराचं नाव लिहून दोन दिवस बाजूला ठेवल्या, मग वर्गातल्या तिघांना दाखवून ‘एका हाताच्या वाटतात त्या वेगळ्या काढा’ असं सांगितलं.

टेक्निकल पेनच्या चारही जुड्या नीटनेटक्या होत्या आणि कुणाच्याही असू शकल्या असत्या. टॅब्लेटच्या चार जुड्यांनी चार वेगळी चित्रं दिली, कारण दर वेळी ब्रश बदलायचा मोह झाला. बोरूच्या चारही जुड्या तिघांनीही एका ढिगात टाकल्या.

कारण साधं आहे. साडेतीन-चार मिलिमीटरच्या बोरूत एका बुडवणीला सहा-आठ सेंटिमीटर रेषा निघते, मग ती कोरडी फाटत जाते. त्यामुळे पान एका फटकाऱ्यात काढावंच लागतं, शिरा काढायला शाई उरत नाही. आणि बोरूच्या टोकाला तिरका काप असतो. देवनागरीसाठीचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो: उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी तिरकी रेषा जाड पडते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. जुडीतली डावीकडे कललेली पानं आपोआप भरीव झाली, उजवीकडची हलकी राहिली. छाया न भरताच उजेडाची बाजू ठरली. शिवाय चित्राखालची अक्षरंही त्याच कापाने लिहिता येतात, म्हणजे चित्र आणि मजकूर एकमेकांना परके राहत नाहीत.

शैली शोधायची म्हणून ब्रशांच्या याद्या चाळण्यात आधी एक महिना गेला होता. तो महिना या हिशोबात धरलेला नाही.

२० जून: बोरू कापणं

सहा बोरू, प्रत्येकी १० रुपये, बाहेरचा व्यास आठ-नऊ मिमी. दोन फुटले. जमलेला क्रम असा:

१. कटरला नवं पातं. साधारण २५ मिमी लांबीचा तिरका काप, पोटापर्यंत.
२. आतला मऊ गाभा पात्याच्या टोकाने खरवडून काढायचा. तो राहिला तर शाई शोषतो आणि रेषेवर एकदम गठ्ठा सोडतो.
३. दोन्ही बाजू तासून टोक अरुंद करायचं.
४. मधोमध १२ मिमीची चीर.
५. शेवटी टोक, गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर ठेवून एका दाबात, तिरकं.

चीर आधी, टोक नंतर. उलट केलं तर चीर टोकाच्या एका बाजूला सरकते आणि रेषेचा अर्धाच भाग ओला पडतो. फुटलेल्या दोन्ही बोरूंची चीर ३० मिमीपर्यंत धावली. आता चिरेच्या वर, टोकापासून १५ मिमीवर, शिवणाचा दोरा सात-आठ वेढे घट्ट बांधला जातो. चीर तिथे थांबते.

२४ जून: शाई आणि कागद

वेळ इथे गेला. आधी शाई. बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या तीन शायांच्या पट्ट्या ओढल्या आणि दहा मिनिटांनी, तासाने, चोवीस तासांनी ओल्या ब्रशने घासल्या. निबेच्या बारीक रेषा तिन्ही शायांत तासाभरात टिकल्या. बोरूच्या जाड रेषा एकाच शाईत टिकल्या, त्याही चोवीस तासांनी. बोरूचा फटकारा जिथे थांबतो तिथे शाईचं तळं साचतं. वर साय धरते, आत ओलं राहतं. त्यावर रंग फिरवला की साय फुटून काळा ओघळ येतो. रेषेवर पोस्टर कलर द्यायचा मूळ बेत इथेच मोडला: रंग वेगळ्या कागदावर किंवा पडद्यावर, रेषेच्या कागदावर पाण्याचा थेंब नाही.

शेलॅकवाली, म्हणजे लाखेची शाई बोरूत वाळू द्यायची नाही. अर्ध्या तासाच्या चहात चीर चिकटते, आणि उकलायला गेलं की टोक तुटतं. शेजारी पाण्याची वाटी आणि जुना सुती कपडा, दर दहा मिनिटांनी पुसायचं. आणि हीच शाई उरली म्हणून फाउंटन पेनात भरू नये, निबेपर्यंत शाई नेणारा फीड कायमचा तुंबतो.

कागद:
- १४० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) कार्ट्रिज: रेषेच्या कडेला केस फुटतात. बाद.
- ३०० जीएसएम जलरंगाचा खडबडीत कागद: कोरडी रेषा सुंदर फाटते, पण बारीक रेषा जागोजाग तुटते आणि चेहरे हरवतात. मोठ्या आकारांना चालेल.
- हातकागद, खळ नसलेला: टीपकागदासारखा पितो. वरून पातळ खळ फासून वाळवला तेव्हा फुटणं निम्म्याने कमी झालं, पण कागद एका बाजूला वळला. बाद, दुःखाने.
- २५० जीएसएम गुळगुळीत ब्रिस्टल: कडा स्वच्छ, कोरडा फटकारा थोडा कमी फाटतो. हाच घेतला. ए-फोर २० पानी पॅड ४२० रुपये, तीन लागले.

३ जुलै: पावसाळी भानगड

तीन दिवस संततधार. पॅडमधली वरची पानं दमट झाली आणि जूनमध्ये स्वच्छ येणारी रेषा फुटायला लागली. आधी शाईवर संशय, मग बोरूवर, चार तास गेले. तोच कागद टेबलाच्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून रेषा ओढली तर पुन्हा स्वच्छ. तेव्हापासून पॅड प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि एका वेळी एकच पान बाहेर. मनगटाखाली कोरा कागद घ्यायचाच. घामाचा डाग दिसत नाही, पण शाई तो बरोबर हुडकून काढते.

९ ते १६ जुलै: पहिली चार पानं, चारही रद्द

आकार ए-फोर, छापताना ए-फाइव्ह. म्हणजे रेषा ७१ टक्क्यांवर येते, बोरूची साडेतीन मिमीची पट्टी अडीचवर. त्या हिशोबाने डोळे-बोटं काढली.

पहिली दोन पानं पिंगुळीच्या चित्रकथीची (चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला) उसनवारी निघाली. बाजूने चेहरा, त्यात समोरून बघितल्यासारखा मोठा डोळा, ताठ बोटं. केळकर संग्रहालयात चित्रकथीच्या पोथ्यांतली पानं बघून आठवडाही उलटला नव्हता, दुसरं काय होणार? पुढची दोन पानं गर्दीची. प्रत्येक लुगड्यावर वेगळी नक्षी, प्रत्येक चेहऱ्याला वेगळं नाक, मोकळी जागा दिसली की भरून टाक. ती व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या गर्दीकडे गेली, आणि मारिओंची निब इतकी बारीक की बोरूने ते करायला जाणं म्हणजे फावड्याने रांगोळी.

उपाय कागदावर मांडला. त्या १९ रेखाटनांतून आपला हात घाईत काय करतो ते शोधून यादी केली. घाईत नक्कल करायला वेळ नसतो. यादीत सापडलेलं: डोळा म्हणजे एक आडवा फटकारा, बुबुळ नाहीच. हात अंगापेक्षा मोठे, जवळजवळ दीडपट. पाय ओट्याखाली कापलेले. पदराची कड एका रेषेत, चुण्या नाहीत. भाजी माणसापेक्षा जास्त बारकाईने. ही यादी बोर्डावर चिकटवली. यादीत नसलेली गोष्ट पानात आली तर ती पेन्सिल अवस्थेतच काढायची. चित्रकथीकडून एकच गोष्ट जाणूनबुजून ठेवली: जमीन दाखवायची नाही, आकृत्या कोऱ्या कागदावर उभ्या.

गेलेला वेळ: आठ दिवस. कागद: २२ पानं.

१९ जुलै ते १० ऑगस्ट: सोळा पानांच्या रेषा

पद्धत: निळ्या पेन्सिलीने कच्चं, बोरूने पक्कं, खोडरबर नाही. फिकट निळी रेषा पुढे स्कॅनमध्ये काढून टाकता येते. गडद दाबून काढली तर राहते, पान तीन आणि सातवर राहिलीच.

पाचव्या पानानंतर लक्षात आलं की रेषा जाड होत चाललीय. दोन-एक ए-फोर चित्रांनंतर बोरूचं टोक गोलावतं, ते पुन्हा कापलं की कापाची जागा वर सरकते, आणि वर बोरू रुंद असतो. साडेतीनची पट्टी ४.१वर गेली होती. जाड पुठ्ठ्याला साडेतीन मिमीची खाच पाडून मापटं केलं. प्रत्येक कापानंतर टोक त्या खाचेत बसलंच पाहिजे, नसेल तर बाजू तासायची. पान चार आणि पाच पुन्हा काढली.

सगळ्यात अवघड पान: अळूचं. मोठी पानं, डावीकडे झुकलेली, म्हणजे सगळीकडे जाड रेषा, आणि चित्राचा नुसता काळा चिखल झाला. तीन प्रयत्नांनंतर रचनाच उलटवली, पानं उजवीकडे झुकवली. काप बदलायचा नसेल तर रचना बदलावी लागते. कागद फिरवून काढणं ही पळवाट आहे. एका पानावर कागद फिरवला तर शेजारच्या पानावर उजेड भलत्याच बाजूने येतो आणि नेमकं काय खटकतंय ते कुणाला सांगता येत नाही.

१२ ऑगस्ट: स्कॅनिंग

ए-फोर फ्लॅटबेड, ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), ग्रेस्केल (फक्त करड्या छटा). सगळ्या ‘ऑटो’ सुधारणा बंद. त्या चालू असताना प्रत्येक पानाचा काळा वेगळा आला, आणि कोऱ्या जागा जास्त असलेल्या पानांत कोरड्या फटकाऱ्याचे बारीक दाणे उडाले. कागदामागे काळं कार्डपेपर ठेवलं की पाठीमागचं काही उमटत नाही. काच दर चार स्कॅननंतर पुसायची. पान नऊवर मिरचीशेजारी एक केस आला, तो देठ समजून रंगवलाही गेला.

६०० डीपीआयचा ए-फोर, ए-फाइव्हवर आणला की सुमारे ८५० पीपीआय (एका इंचात इतके पिक्सेल) होतो. डिजिटल प्रेसच्या रेषेला तेवढं पुरतं. लेव्हल्समध्ये (काळं-पांढरं जुळवायची सोय) काळा ४०, पांढरा २१५, दोनच आकडे, सोळाही पानांना तेच. निव्वळ काळा-पांढरा बिटमॅप करताना थ्रेशोल्ड (कुठल्या छटेपर्यंत काळं धरायचं ती सीमा) १२८ ठेवला तर कोरडी फाट नाहीशी होते, १९०ला कागदाचे कण काळे होतात. १५५ ते १६५च्या मधे जमलं.

१४ ते २० ऑगस्ट: टॅब्लेटशी जुळवणी

जुना टॅब्लेट, ३,२०० रुपये. पहिल्या दिवशी वर्तुळं लंबगोल येत होती. टॅब्लेटची चौकट १६:१०, पडदा १६:९, आणि सगळी चौकट सगळ्या पडद्याला जोडलेली. ड्रायव्हरमध्ये प्रमाण बांधून टाकलं, खालची पट्टी वाया गेली, वर्तुळ गोल झालं. ही तपासणी पहिल्या पाच मिनिटांत करावी. इथे ती दुसऱ्या दिवशी झाली.

डिजिटल रेषा फक्त दुरुस्तीला: तुटलेली कड जोडणं, केस काढणं. त्यासाठी क्रिटामध्ये बोरू बनवला. ऑटो ब्रश, लंबगोल टोक, गुणोत्तर ०.१५, कोन ४५ किंवा १३५. कुठला हे आकड्यावरून ठरवत बसू नये, ‘अ’ काढून बघावा आणि जाड-बारीक उलट आलं तर ९० अंश फिरवावं. कोन स्थिर ठेवायचा, रेषेच्या दिशेने फिरणारा पर्याय बंद. दाबाचा परिणाम आकारावर नाही, कारण खऱ्या बोरूची पट्टी दाबून फारशी रुंद होत नाही. स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर पुसणारी सोय, पूर्ण बंद. त्याने रेषा इतकी शहाणी होते की शेजारच्या हाताच्या रेषेत ती ठिगळासारखी दिसते.

पृष्ठभाग घसरडा वाटला म्हणून टॅब्लेटवर कार्ट्रिज चिकटवला. छान पकड आली, आणि थोड्याच दिवसांत पेनाच्या तीन निबा झिजल्या. ३५० रुपयांचा नवा संच. दुरुस्तीच्या कामाला कागद काढून टाकला.

दुसरी खोड: झूम. ९६ पीपीआयच्या पडद्यावर ३०० पीपीआयचं चित्र खऱ्या आकारात बघायचं तर झूम ३२ टक्के लागतो. काम चालत होतं ३०० टक्क्यांवर, गवारीच्या शेंगेची टोकं घासत. दुसरी खिडकी ३२ टक्क्यांवर कायम उघडी ठेवली. तिथे दिसत नाही ते करायचं नाही.

२२ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर: रंग

रंग पाच. गेरू, हळदीचा पिवळा, पालेभाजीचा हिरवा, नीळ, आणि बारदानाचा खाकी. आधी पोस्टर कलरमध्ये पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या रंगवून मंडईच्या रेखाटनांशेजारी ठेवल्या, पडद्यावर निवड केली नाही. पडद्यावर निवडलेला हिरवा हमखास जास्त चमकतो आणि छपाईत सुकतो.

पहिला प्रयत्न: रेषेखाली सपाट भराव. मेला. जिवंत रेषेखाली प्लॅस्टिकचा रंग.

दुसरा: टेक्स्चरचे तयार ब्रश. पहिल्या पानावर बरं, चौथ्या पानावर तोच डाग तिसऱ्यांदा दिसला. एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो.

तिसरा, टिकलेला: प्रत्येक रंगाची तीन ए-फोर पानं खऱ्या पोस्टर कलरने, दोन इंची सपाट ब्रशने, आडवी रंगवली. रंग दह्याएवढा घट्ट. पातळ झाला तर कडेला रेघ धरते. स्कॅन ३०० डीपीआय, रंगीत. मग क्रिटामध्ये लेअर गटात खाली आकार, वर हा स्कॅन, ‘इनहेरिट अल्फा’ चालू, म्हणजे रंगाचा कागद आकारापुरताच दिसतो. प्रत्येक आकारासाठी स्कॅन थोडा फिरवायचा, पण ब्रशच्या खुणांची दिशा साधारण आडवीच ठेवायची. एका पानाला साडेतीन तासांवरून दीड तास झाला.

आकार ओढताना लॅसो (हाताने कड ओढून आकार निवडायचं साधन) वापरली, कडा मुद्दाम थोड्या ओबडधोबड. रेषेला तंतोतंत चिकटवलेला रंग लहान मुलांच्या रंगवायच्या वहीसारखा दिसतो. म्हणून रंगाचा सगळा गट उजवीकडे-खाली सरकवला, जुन्या कॅलेंडरांत रंग हलायचे तसा. आधी छापील मापात ०.४ मिमी. नमुन्याची प्रिंट बघून छपाईवाले म्हणाले, “रजिस्ट्रेशन हललंय, पुन्हा काढू का?” त्यांचं बरोबर होतं. एवढं सरकवणं चूक वाटतं. १.२ मिमीवर कुणी विचारलं नाही. दिशा सगळ्या पानांवर एकच हवी, आणि चेहऱ्यावर सरकवायचं नाही. तिथे रंग नाहीच, कागदाचाच रंग.

११ सप्टेंबर: मजकूर

प्रत्येक पानावर एक-दोन ओळी, दराच्या पाट्यांच्या भाषेत: ‘गवार पावशेर’, ‘शेपू दोन जुड्या’. अक्षरं बोरूनेच, वेगळ्या कागदावर, मोठ्या आकारात. चित्रावर थेट लिहिलं असतं तर एका चुकीला सगळं पान गेलं असतं. आणि चूक झालीच, ‘कोथिंबीर’मधली वेलांटी ऱ्हस्व गेली. स्कॅनमधल्या दुसऱ्या ‘बी’ची दीर्घ वेलांटी उचलून बसवली. शिरोरेघ जोडताना जाडी अर्धा मिमी कमी-जास्त निघते. तुकडा शब्दाच्या शेवटी जोडला तर लपतो, मधे जोडला तर नाही.

इमारतीच्या पानावर एक जास्तीची ओळ: या बाजाराच्या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीरावांचंच नाव पुढे तिला मिळालं. त्या पानावर ओळ मोठी झाली आणि मनोरा दोन सेंटिमीटर बुटका करावा लागला.

श्रेयाच्या पानाचा बारीक मजकूर मुक्ता टंकात, इंकस्केपमध्ये, आणि कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून. कर्व्ह न करता दिलेल्या पहिल्या फाइलमध्ये छपाईवाल्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरने ‘प्रकल्प’चा ‘पर्कल्प’ केला होता.

२० सप्टेंबर: पहिलं प्रूफ

मुद्रणालयं गणपतीच्या अहवालांतून मोकळी होतात तोच दिवाळी अंक आणि कॅलेंडरं सुरू होतात. प्रूफ चार दिवस लांबलं. हे वेळापत्रकात आधीच धरायला हवं होतं.

प्रूफमधले दोष:

रेषा काळी नाही, कडेला लाल-निळी झालर. पान आरजीबीतून (पडद्याचे रंग) सीएमवायकेत (छपाईचे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, म्हणजे सी, एम, वाय, के) नेताना काळ्याचे चार रंग झाले, ते किंचित हलले. उपाय: रेषा रंगाच्या फाइलमधून पूर्ण काढली. रंग एक टिफ, रेषा वेगळा १-बिट टिफ, छपाईवाल्यांनी तो कोरलड्रॉमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक करून वर बसवला. रेषेचा रंग के १००, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगांवरच छापलेला. झालर गेली.

नीळ जांभळी आली. निळ्यात सायनपेक्षा मॅजेंटा फार मागे नसला की हे होतं. दोघांत निदान ३० अंकांचं अंतर लागतं. सी ९५, एम ६० केलं, पोस्टर कलरच्या चिठ्ठीपेक्षा थोडी थंड पण निळी.

हिरवा मळकट. त्यातला के पूर्ण काढला, गडदपणा मॅजेंटाच्या १५ने आणला.

ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग, विसरलं. पान १४८ × २१० मिमीच बनवलं होतं, कापताना दोन पानांना पांढरी कड आली. चारही बाजूंना ३ मिमी, म्हणजे १५४ × २१६ मिमी, ३०० पीपीआयला १८१९ × २५५१ पिक्सेल. रंग सरकवलेला असल्यामुळे डाव्या-वरच्या कडेला ब्लीड जास्त ठेवावं लागतं, नाहीतर सरकलेल्या रंगामागे तिथे कोरा कागद उघडा पडतो. हे तीन पानांवर पुन्हा रंगवून भरलं, साडेचार तास.

२८ सप्टेंबर: कागद आणि घडी

आर्ट पेपरवर बोरूची कोरडी फाट चकचकीत दिसते, परकी वाटते. नॅचरल शेडच्या १०० जीएसएम मॅपलिथोवर ती बसली, पण पाठचं थोडं दिसतं. १२० जीएसएम घेतला. मुखपृष्ठ २५० जीएसएम.

१३ × १९ इंची शीटवर उघडी ए-फोर जोडी दोनदा बसते, म्हणून आतली सोळा पानं दोन शीट दोन्ही बाजूंनी, मुखपृष्ठ अर्धी शीट. पाठीची घडी १९ इंचांच्या बाजूला समांतर येते. कागदाचा ग्रेनही (तंतूंची दिशा) त्याच बाजूने हवा, छपाईआधी शीट दोन्हीकडे वाकवून बघायची, सहज वाकते ती ग्रेनची दिशा. नमुन्याची शीट आखूड ग्रेनची निघाली आणि मुखपृष्ठाच्या घडीवर टोनर तडकला, निळीवर पांढरी रेघ. दिशा बदलली, शिवाय दुमडण्याआधी क्रीझिंग केलं, म्हणजे घडीच्या जागी खाच दाबून घेतली.

पानांची जुळणी पाठ करू नये. ए-फोरचे चार कागद दुमडून खोटी पुस्तिका करायची, पानांवर पेनाने आकडे टाकायचे, मग उलगडून तेच आकडे फाइलमध्ये. एवढं करूनही दुसऱ्या प्रूफमध्ये पानं दोन, पंधरा उलटी आली, कारण दुहेरी छपाईत शीट भलत्या बाजूने पलटली. खोटी पुस्तिका छपाईवाल्यांच्या हातात दिल्यावर दोन मिनिटांत प्रश्न सुटला.

१४ ऑक्टोबर: ५० प्रती

प्रत ९८ रुपये, पिना धरून. सहा प्रतींत मुखपृष्ठ एक मिमी तिरकं कापलं गेलं, त्या नमुन्याला ठेवल्या.

हिशोब: ब्रिस्टल आणि बाकी कागद १,७४०, शाई ४१०, बोरू आणि पाती १२०, पोस्टर कलर ३६०, टॅब्लेट ३,२००, निबा ३५०, प्रूफं ७८०, छपाई ४,९००. एकूण ११,८६० रुपये. दुसऱ्यांदा हेच काम काढलं तर पहिलं प्रूफ सोळा पानांचं न काढता दोनच पानांचं, पण कापून, दुमडून, पिना मारून काढायचं. झालर, नीळ, ब्लीड आणि ग्रेन हे चारही दोष दोन पानांत दिसले असते.

१९ ऑक्टोबर: पुढच्या छपाईआधी करायचं

पान नऊवरचा रंगवलेला केस काढणे. पान तीन आणि सातवरची राहिलेली निळी पेन्सिल पुसणे. अळूच्या पानावरचा हिरवा आणि गवारीचा हिरवा शेजारी आल्यावर एकच वाटतात, गवारीत पिवळा दहा अंकांनी वाढवणे. मुखपृष्ठावरच्या बाईचा डावा हात अजून लहान आहे. मूळ कागद सिलिकाच्या डब्यातच आहेत. मुखपृष्ठासाठी नवा बोरू कापावा लागेल, जुना मापट्यात बसेनासा झालाय.